मनकर्णाची मोटर कोणतं तेल पिते

लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच सासरच्यांना मनकर्णाची कल्पना यायला हवी होती. हळदीच्या पाण्यात अंगठी शोधायचा खेळ मांडला होता. परातीत पिवळं गढूळ पाणी, भोवती बायकांचा गराडा. नवरदेवानं ऐटीत हात घातला आणि बोंब ठोकून तो पाटावरून मागे उलटला. परातीत अंगठीच्या जोडीला चार जिवंत झिंगे सोडलेले होते. मासे धरणाऱ्या धिवरांच्या घरात झिंग्यांचं कुणाला नवल नसतं, पण हळदीत पोहणारे झिंगे पिंपळडोहच्या लोकांनी पहिल्यांदाच पाहिले. सासूनं कपाळाला हात लावला. नवरदेव, म्हणजे गोपाळराव, मात्र बोट चोखत हसत राहिले. मुळात बोलणं कमी, त्यामुळे त्यांचं सगळं म्हणणं त्या हसण्यातच असायचं.

तेव्हा धाकटा दीर ताराचंद शाळेत जात होता. वहिनीच्या हातचं खाऊन तो वाढला आणि वहिनीच्या खोड्यांचं पहिलं गिऱ्हाईकही तोच. पुढे मुलगी पाहायला गेला, तेव्हा मनकर्णानं मुलीकडच्यांच्या कानात हळूच सांगून ठेवलं, "पोट्टा चांगला हाय, फक्त थोडं कमी ऐकू येते त्याले." मग काय, चहापोह्यांपासून निरोपापर्यंत सगळं घर ताराचंदशी ओरडून बोललं. "लोक लय भांडकुदळ दिसतेत," असं म्हणून तो ते स्थळ मोडायलाच निघाला होता. खरं काय ते कळल्यावर आठवडाभर वहिनीशी बोलला नाही. लग्न मात्र तिथंच केलं.

पिंपळडोहचा तलाव नागपूरचं मनीषनगर मागे टाकून वर्धा रोडनं पुढे आलं की आत लागतो. मच्छीमार सोसायटी मासे धरते, आणि अलीकडे रविवारी नागपूरचे लोक हवा खायला येतात. त्यांना नावेतून फिरवायचं काम गोपाळराव आणि मनकर्णा डहारे या नवराबायकोकडे होतं. गोपाळराव वल्ही मारायचे आणि मनकर्णा बोलायची. काठावरच्या साध्या दगडाला ती राजाची बैठक म्हणायची, बगळ्याला सैबेरियाचा पाहुणा म्हणायची, आणि शहरातली माणसं मान डोलावत फोटो काढायची.

मग गोपाळरावांचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना, सदरा घालायला बायकोची मदत लागू लागली. तरी ते वल्ही मारत राहिले. पण एका रविवारी तलावाच्या मध्यात वल्हं थांबलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मनकर्णानं बगळ्याची गोष्ट अर्धवट टाकली, दोन्ही वल्ही स्वतः घेतली आणि नाव काठाला आणली. त्याच आठवड्यात ती सोसायटीच्या अध्यक्षांच्या ओसरीवर जाऊन बसली आणि मोटर मिळेपर्यंत उठणार नाही म्हणाली. अध्यक्षांना ती तिथं बसणं परवडणारं नव्हतं, कारण तासाभरात तिनं त्यांच्या बायकोला त्यांच्या तरुणपणीचे किस्से सांगायला सुरुवात केली होती.

मोटर आली ती एका बंद पडलेल्या रिसॉर्टची. टू-स्ट्रोक, नावेच्या मागच्या फळीला अडकवायची, दोरी ओढून चालू करायची. आणि मोटर आली म्हटल्यावर ताराचंद आला.

ताराचंदचं मनीषनगरात गॅरेज होतं. टू-स्ट्रोक गाड्यांच्या काळात तिथं रांग लागायची. आता त्या गाड्या रस्त्यावरून गेल्या, राहिले ते चार-दोन शौकीन आणि ताराचंदची स्वतःची फटफटी, जी कोपऱ्यावर यायच्या आधी तिचा निळा धूर यायचा. तेल बोटांवर चोळून, हुंगून कोणतं ते तो सांगायचा, आणि त्याचा त्याला फार अभिमान.

"हिच्या पेट्रोलमंदी तेल मिसळा लागते, वयनी," त्यानं समजावलं. "कारसारखी तेलाची टाकी नसते हिले. पेट्रोलसंगं तेल आत जाते, पिस्टनले ओलं करते अन् जळून बाहेर येते. टू-स्ट्रोक म्हणजे टू-स्ट्रोक. गाडी असो नाईतर नाव असो." असं म्हणून त्यानं गॅरेजमधून आणलेल्या काळ्या डब्यातलं फटफटीचं तेल टाकीत ओतलं. मापानं नाही, मनानं.

"किती टाकलं गा भाऊजी?"

"भरपूर. तेल जास्त झालं तं इंजिन खूश राह्यते."

इंजिन खूश होतं की नाही कोण जाणे, पण तलावावर ढग उतरला. मनकर्णाचे सैबेरियाचे पाहुणे उठून पलीकडच्या काठाला गेले. पहिले दोन-तीन रविवार मोटर चालली, मग रुसायला लागली. दोरी ओढून ओढून मनकर्णाच्या तळहाताला फोड आले. ताराचंद यायचा, प्लग काढायचा, त्यावरची काजळी आणि राखेची खपली खरवडायचा आणि म्हणायचा, "जुनी मोटर हाय, वयनी."

"मीही जुनीच हाव," मनकर्णा म्हणाली. "माह्या तोंडातून एवढा धूर निंघते काय?"

शेवटी तिनं एक काळाकुट्ट प्लग फडक्यात गुंडाळला आणि बस धरून नागपूर गाठलं. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत पंप आणि इंजिनांच्या सामानाचं दुकान होतं, मालक धर्मेंद्र. अर्धी मराठी, अर्धी हिंदी बोलणारा, गल्ल्यावर बसल्या जागी पेंगणारा माणूस. तिनं प्लग त्याच्या पुढ्यात ठेवला.

"बाई, इंजन हवेने थंडा होतो का पानीने?"

"ते मी विचारलं नाई तिले."

धर्मेंद्रची झोप उडाली. नावेची मोटर म्हटल्यावर तो सरळ बसला. फटफटीचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं, म्हणून फार तापतं, असं त्यानं सांगितलं. ती गरमी सोसायला तिच्या तेलात जे मिसळलेलं असतं, ते जळलं की राख ठेवतं. नावेची मोटर तलावाचं पाणी ओढून अंग गार ठेवते. तिला ती राख नको, प्लगवर नको आणि पिस्टनवरही नको. तिचं तेल वेगळं, राख न ठेवणारं. बाटलीवर टीसी-डब्ल्यू-थ्री लिहिलेलं पाहून घ्यायचं.

"डब्ल्यू म्हणजे?"

"वॉटर. पानीवाला."

"अन् ट्रॅक्टरचं तेल चालन काय? आमचे अध्यक्ष म्हणून राहिले होते, घरीच पडलं हाय म्हणून."

"अध्यक्षजीको बोलो, वो तेल इंजनच्या पोटात राहते, जळण्यासाठी नसतेच. मोटर गेली समजा." मग त्यानं बजावलं, "अंदाजाने टाकायचं नाही. पन्नास हिस्सा पेट्रोल, एक हिस्सा तेल. लिटरमागे चहाचे चार चम्मच."

तेल दुकानात नव्हतं, मागवावं लागलं. पुढच्या खेपेला मनकर्णा पांढरी बाटली पदराखाली धरून घरी आली आणि तिनं गोपाळरावांना सांगितलं, "पाहा बरं, आता मोटरमंदी तेल टाकाल तं याच पांढऱ्या बाटलीतलं. मापून. काळ्या डब्याले हात लावाचा नाई." गोपाळरावांनी मान हलवली. त्यांना एकदा सांगितलेली गोष्ट दगडावर कोरल्यासारखी राहायची. हे पुढे महागात पडलं.

ताराचंदनं पांढऱ्या बाटलीतलं तेल दोन बोटांवर घेतलं, चोळलं आणि तोंड वाकडं केलं. "हे तेल हाय? डोकं धुवाचं शाम्पू हाय हे. दुकानदारानं बनवलं तुमाले, वयनी. मी डोळे मिटून सांगतो, खरं तेल कोणतं ते."

"डोळे मिटून?"

"आन् एका नाकपुडीनं."

मनकर्णाचा उजवा गाल आत ओढला गेला. गोपाळरावांनी ते पाहिलं असतं तर ते तडक शेतात निघून गेले असते, कारण त्या गालाचा अर्थ त्यांना ठाऊक होता.

तिनं ताराचंदचं तेल एका जुन्या किटलीत काढून ठेवलं आणि काळ्या डब्यात धर्मेंद्रकडचं पाणीवालं तेल भरलं. आता पांढरी बाटली रिकामी झाली. तिच्यात काय भरावं? चुलीजवळ कढईत जवसाचं तेल होतं, सकाळीच तिनं त्यात मरळीचे तुकडे तळले होते. तिनं ते फडक्यातून गाळलं, आणि रंग जुळावा म्हणून त्यात बाटलीतलं उरलंसुरलं चमचाभर तेल हलवलं. दिसायला झ्याक झालं. ताराचंद दिवसभर खर्रा चघळतो, तंबाखू-सुपारीनं त्याचं नाक कधीच मेलेलं असणार, असा तिचा हिशेब होता.

परीक्षा झाली सोसायटीच्या शेडमध्ये. अध्यक्ष होते आणि जाळी दुरुस्त करणारे आठ-दहा जण होते. ताराचंदच्या गालात नेहमीसारखं काहीतरी होतं आणि तो ते चघळत होता. त्यानं डोळ्यांना रुमाल बांधून घेतला. आधी काळा डबा त्याच्या नाकाखाली धरला. त्यानं तेल बोटांवर घेतलं, चोळलं, दीर्घ श्वास ओढला.

"हे! याले म्हणतेत तेल! पाहा, कसं पकडून राह्यते बोटाले. जानदार."

मनकर्णानं पदर तोंडात कोंबला. मग पांढरी बाटली. ताराचंद हुंगला, थांबला, पुन्हा हुंगला.

"हं. हे कंपनीचं," तो शांतपणे म्हणाला. "टाका हेच, वयनी, तुमाले एवढा भरवसा हाय तं. माह्यं काय जाते?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मनकर्णानं तिथंच भांडं फोडलं असतं, पण तिला आठ-दहा माणसं कमी वाटली. रविवारी नागपूरची गर्दी असेल, ताराचंदही येईल, तेव्हा भर काठावर सांगू, असं तिनं ठरवलं. शनिवारभर ती एकटीच हसत होती. भाकरी थापता थापता हसली, म्हशीसमोर हसली.

रविवारी प्रतापनगरहून भिशीच्या सहा बायका आल्या. पुढारी होत्या सिंधूताई, डोक्यावर भली मोठी टोपी, हातात पर्स आणि त्या दिवशी चतुर्थीचा उपास. मनकर्णा त्यांना लाइफ जॅकेट घालून देण्यात गुंतली. सिंधूताईंचा पट्टा काही केल्या लागेना. इकडे गोपाळरावांनी खांदा सांभाळत टाकी भरली. पांढरी बाटली उघडली, चहाचा चमचा घेतला आणि लिटरमागे चार चमचे मोजून टाकले. तेलाचा वास त्यांना घरातलाच वाटला, पण घरात सगळ्यालाच तो वास असतो.

ताराचंद काठावर डोंग्याच्या, म्हणजे छोट्या होडीच्या, टोकावर बसून पाय हलवत होता. "जाऊन या, वयनी," तो म्हणाला. "आल्यावर बोलू."

"हाव, आल्यावरच बोलाचं हाय मले," मनकर्णा म्हणाली आणि तिनं दोरी ओढली.

पाइपात आधीचं पेट्रोल होतं तोवर मोटर गोड चालली. राजाची बैठक झाली, बगळे झाले. तलावाच्या मध्यावर एक बाई म्हणाली, "अगं, काय खमंग वास येऊन राहिला!"

"कोणीतरी मासे तळून राहिलं," दुसरी म्हणाली. "बाई, जेवण तुमच्याकडूनच आहे का?"

"माझा उपास आहे हो," सिंधूताईंनी पदर नाकाला लावला, पण मग हळूच बाजूला घेतला. "मरळ आहे वाटते."

मनकर्णानं मागे वळून पाहिलं. मोटरच्या मागून पांढुरका धूर निघत होता आणि त्या धुराला तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघराचा वास होता. 'याच पांढऱ्या बाटलीतलं, मापून.' आपलेच शब्द तिला ऐकू आले. जगातला सगळ्यात आज्ञाधारक नवरा तिच्याच नशिबी होता.

मोटर खोकली, दोनदा ठसकली आणि गप्प झाली.

तिनं दोरी ओढली. पुन्हा ओढली. बायकांनी मिळून मोजायला सुरुवात केली तेव्हा तिनं ओढणं सोडलं. वल्ही? मोटर आल्यापासून वल्ह्यांवर काठावरची ताडपत्री तोलून धरलेली होती. तिला इथून दिसत होती ती, सावली देताना.

"काय झालं?" सिंधूताईंनी विचारलं.

"इथं जरा थांबतो आपण," मनकर्णा म्हणाली. "इथली शांतता पाहाची असते."

काठावरून डोंगा निघाला. ताराचंद येत होता, पण त्याला कसलीही घाई नव्हती. मध्येच थांबून त्यानं टोपी नीट केली. एकदा तर पाण्यात वाकून तोंड धुतलं. जवळ आला तेव्हा त्याचा चेहरा देवळात निघालेल्या माणसासारखा होता.

"काय झालं, वयनी?"

"बंद पडली."

"काहून?"

"मले काय मालूम?"

त्यानं डोंगा नावेला लावला, मोटरवर वाकला आणि भरपूर वेळ श्वास ओढला. "जेवण झालं वाटते हिचं," तो म्हणाला. "फोडणी कोणी टाकली आतमंदी?"

बायकांच्या माना एकदम मनकर्णाकडे वळल्या. मनकर्णा ताराचंदच्या डोळ्यांत पाहत होती आणि तिच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता.

"भाऊजी. तुमाले मालूम होतं?"

"जवसाचं तेल मी वळखणार नाई? तुमच्याच हातचं खाऊन मोठा झालो ना मी." मग तो जरा ओशाळला. "मले वाटलं काठावरच बंद पडन. मधात येऊन बसन असं नोहतं वाटलं. म्हणून तं डोंगा तयार ठेवला होता."

"पण तुमचं नाक तं खर्र्यानं..."

"खर्रा सोडला मी. दोन महिने झाले. डॉक्टरनं तोंडात पाह्यलं अन् भेव घातलं. ती बडीशोप होती." तो पाण्याकडे पाहत म्हणाला, "सांगितलं नाई कोणाले. तुमी हासाल म्हणून."

मनकर्णाला हसू आलं नाही. तिच्या नजरेसमोर दप्तर घेतलेला, चुलीपाशी भाकरीची वाट पाहत बसलेला ताराचंद आला. डॉक्टरकडे हा एकटाच गेला असेल, आणि घरी येऊन गप्प बसला असेल, ते आपल्या तोंडाला भिऊन. "बह्याडा, येड्या," ती म्हणाली. "असं असते काय? हे सांगाचं असते."

सिंधूताईंनी डोळ्याला रुमाल लावला. त्यांना अर्धी गोष्ट कळली नव्हती, पण अर्धी त्यांना पुरेशी होती.

मग मनकर्णाचा गाल पुन्हा आत गेला. जन्माची खोड ती.

"भाऊजी, मंग काळ्या डब्यातलं तेलही वळखलं असन तुमी?"

"ते तं माह्यंच. जानदार."

"कसं पकडून राह्यते बोटाले, नाई?"

"हाव ना."

"ते धर्मेंद्रच्या दुकानचं शाम्पू होतं."

ताराचंद वल्हं हातात धरून तसाच बसला. तोंड उघडं, डोळे बारीक. डोंगा आपोआप गोल फिरला आणि त्याची पाठ बायकांकडे झाली, तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. फिरून तोंड इकडे आलं तेव्हा तो हसत होता, पण कान लाल होते.

नाव त्यानं दोरीनं ओढत काठाला नेली. वासानं खवळलेल्या भिशीनं मासे खाल्ल्याशिवाय हलणार नाही असं जाहीर केलं. मनकर्णानं ताज्या तेलात मरळ तळली. सिंधूताईंना केळी आणून दिली, त्या ती खात खात इतरांच्या ताटांकडे पाहत राहिल्या, आणि चतुर्थी या महिन्यात नेमकी रविवारीच का आली याबद्दल कुरकुरल्या. गोपाळरावांना सगळा प्रकार कळला तेव्हा ते म्हणाले, "मापून टाकलं होतं मी," आणि मग पोट धरून बसले. त्यांच्या हसण्यानं खांदा दुखायला लागला, तरी थांबेनात.

ताराचंदनं मोटर उतरवली. टाकी ओतून धुतली, कार्बोरेटर खोलून पेट्रोलनं साफ केला, नवे प्लग घातले. मनकर्णा शेजारी पाना धरून बसली होती आणि या वेळी त्यानं सांगितलेलं निमूट करत होती. शेवटी त्यानं काळ्या डब्यातलं तेल चमच्यानं मोजलं, लिटरमागे चार, आणि पाचवा चमचा नेता नेता हात आवरला. हाताला जुनी सवय होती. दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला मोटर लागली. धूर निघाला तो पातळसा, पाण्यावरच विरून जाणारा. ताराचंद बराच वेळ मान तिरकी करून आवाज ऐकत उभा राहिला.

"काहून गप्प झाले?"

"हिचा आवाजच मोकळा नोहता आजवर," तो म्हणाला. "धुरात समजलंच नाई मले."

त्यानंतर पंचक्रोशीत त्या तेलाचा सगळ्यात मोठा प्रचारक ताराचंद झाला. सोसायटीच्या सभेत तो उभा राहून डब्ल्यूचा अर्थ सांगतो, हवेवर थंड होणारं आणि पाण्यावर थंड होणारं इंजिन हातवारे करून दाखवतो, आणि अध्यक्षांनी ट्रॅक्टरच्या तेलाचं नाव काढलं तर त्यांच्यावर डोळे वटारतो. हे तेल आपण नाकानं शोधून काढलं असंही तो सांगतो. मनकर्णा शेजारी बसून "हाव, डोळे बांधून, एका नाकपुडीनं" एवढीच भर घालते, आणि ते ऐकून त्याचा आवाज दरवेळी थोडा खाली येतो. स्वतःच्या फटफटीत मात्र तो तिचं जुनंच तेल घालतो, कारण ती वाऱ्यावर थंड होते. हे त्याला धर्मेंद्रनं सांगितलं, आणि ते त्यानं ऐकलंही.

पुढच्या महिन्यात भिशी पुन्हा आली. या वेळी बायका इतक्या होत्या की दोन फेऱ्या कराव्या लागल्या. गोपाळराव काठावर खुर्चीत बसून जॅकेटांचे पट्टे लावून देत होते. मोटर धरली होती ताराचंदनं, अगदी हळू. मनकर्णा पुढच्या फळीवर उभी राहून पाणकावळ्याकडे बोट दाखवत होती आणि तो ऑस्ट्रेलियाहून आला आहे असं शपथेवर सांगत होती.